खिडकीकडे सैल, दाराकडे घट्ट

माझ्या सासऱ्यांचं नाणं टाकून कपडे धुवायचं दुकान होतं. वरून झाकण उघडणारी आठ यंत्रं भिंतीला पाठ लावून ओळीत उभी असायची. प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर नाण्यांची पेटी. नाणं खाचेत आडवं ठेवायचं, पट्टी आत ढकलायची, की यंत्र घसा खाकरून कामाला लागायचं. ती यंत्रं बनवणारी कंपनी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी बुडाली होती. त्यामुळे एखादं यंत्र मेलं की त्याचे अवयव काढून जिवंतांना लावायचे, हीच घरची विद्या. कुठे जुनं यंत्र भंगारात निघालं असं कळलं, की सासरे हातातला घास ठेवून निघायचे.

सासरे गेले आणि वाटणी झाली. माझी नणंद थोरली, नवरा धाकटा. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. दोघांनाही न्याय हवा होता, आणि न्यायानेच घात केला. चार यंत्रं तिला, चार ह्याला. मग जमिनीवर चादर पसरून सुट्या भागांची वाटणी. एक पंप तुला, एक मला, एक टायमर तुला, एक मला, वॉशरसुद्धा जोडीजोडीने. शेवटी चादरीवर एकच वस्तू उरली, पिंपाचा पाना.

हा पाना बाजारात मिळत नाही. यंत्राच्या आतलं भोकाभोकांचं पिंप ज्या नटाने बसवलेलं असतं, तो नट बशीएवढा. त्यासाठी सासऱ्यांनी लोहाराकडून खास पाना घडवून घेतला होता. एक जाड लोखंडी कडं, आणि त्याच्या भोकात बसणारा, टोकाला निमुळता होत गेलेला लांब दांडा.

"कडं माझं," नणंद म्हणाली.

"मग दांडा माझा," नवरा म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. दोन अर्ध्या पान्यांचा मिळून, दोन दुकानांत ठेवल्यावर, एक पाना होत नाही, एवढं मला दिसत होतं. पण त्या खोलीत तेव्हा कुणाला शास्त्र नको होतं, आणि चहा निवत होता.

सासऱ्यांची भाड्याची जागा सुटली; नवऱ्याने आमच्या घराखाली दुकान थाटलं आणि नणंदेने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर. मग बोलणं कमी झालं, आणि पुढे बंदच. बंद म्हणजे एकमेकांशी बंद. माझ्यामार्फत अखंड चालू.

"मास्तरीणबाई," नणंद मला म्हणायची, कारण तिला माझ्या शाळेचं भारी कौतुक, "तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्या नळीचं पाणी माझ्या पायरीपर्यंत येतंय."

"तिला सांग," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "पाणी उताराकडे जातं. तू शिकवतेस ना तेच."

एकदा दोघंही एकाच खोलीत, एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून असं बोलत होते. मधोमध मी. टपाल खात्याची मला तेव्हा प्रथमच कीव आली.

पाना अर्धा असल्यामुळे दोन्ही दुकानांत एक गोष्ट मात्र सारखी झाली. ज्या यंत्राचा गिअरबॉक्स गेला, ते तसंच मेलेलं उभं राहिलं. गिअरबॉक्स बदलायला पिंप उचलावं लागतं, आणि पिंप उचलायला तो नट. नणंदेने कड्यात नळाचा पाइप घालून पाहिला होता. पाइप निसटून हनुवटीवर बसला. तिथे अजून खूण आहे. नवऱ्याने दांडा घेऊन त्याच लोहाराला गाठलं. लोहार म्हणाला, "ह्याचं कडं घेऊन या, बघून दुसरं करतो." नवरा तसाच परत आला. कडं मागायला समोर जाण्यापेक्षा त्याने यंत्रावर कुंडी ठेवली.

यंदा मात्र नणंदेच्या गळ्याशी आलं. तिच्या चारांपैकी तीन यंत्रं बंद पडली, आणि घरमालक येऊन दुकानात उभा राहिला.

"बाई, हे दुकान आहे की कपाटांचं गोदाम?" तो म्हणाला. "एक तारखेला मी येईन. निम्मी यंत्रं तरी चालू दिसली पाहिजेत. नाहीतर जागा कार्डवाल्या कंपनीला. ते चकचकीत यंत्रं लावतात, आणि माणूससुद्धा लागत नाही."

"आणि मी?" नणंद म्हणाली.

"तेच म्हणतोय ना, माणूस लागत नाही."

हे तिने मला हसत हसत सांगितलं, पण सांगताना एकाच टॉवेलची घडी तीनदा घातली. नवऱ्याच्या जिवावर दिवसभर घरात बसणारी ती बाई नव्हे. तिला नवरा नव्हताच, आणि दुकान हेच तिचं घरदार होतं. मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो उठून खिडकीशी गेला आणि समोरच्या दुकानाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"कुठे जुनं यंत्र निघतंय का, कानावर ठेव," तो म्हणाला. "मला हवंय. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी," मी म्हणाले.

"मग कुणासाठी?"

दोनच दिवसांनी शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं की, त्यांच्या भावाच्या ताब्यातलं जुनं वसतिगृह पाडताहेत, आणि तळघरात नाण्याचं एक यंत्र आहे. शनिवारी दुपारी भंगाराचा ट्रक येणार. त्याआधी काय न्यायचं ते न्या. मी ही बातमी नवऱ्याला दिली. मग रस्ता ओलांडून नणंदेलाही दिली. दोघांना वेगवेगळी दिली, कारण दोघांनी वेगवेगळी मागितली होती.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं तळघराच्या जिन्यावरून उतरलो, तर खाली टॉर्चच्या उजेडात नणंद आधीच यंत्राचं झाकण उघडून आत डोकं घालून उभी. शिपाईमामांचा भाऊ, म्हणजे तिथला रखवालदार, बाजूला बादली उपडी घालून बसला होता.

नणंदेने डोकं बाहेर काढलं. नवऱ्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा होता. तिच्या पिशवीतून कड्याची गोलाई दिसत होती. दोघांनी एकमेकांच्या सामानाकडे पाहिलं, मग दोघांनी मिळून माझ्याकडे.

"मास्तरीणबाई," नणंद म्हणाली, "तू फार पोचलेली आहेस."

"तिला विचार," नवरा म्हणाला, "गिअरबॉक्स कसा आहे."

"त्याला सांग, मी हाताने फिरवून पाहिला. लोण्यासारखा फिरतोय. नव्यासारखा आहे. आणि मी आधी आलेय."

"तिला सांग, नट कशाने उघडणार? बांगडीने?"

"तुम्ही दोघं भांडत असाल तर मी चहा पिऊन येतो," रखवालदार म्हणाला. "ट्रक मात्र भांडण संपायची वाट बघत नाही."

हे कुणालाच खोडता येण्यासारखं नव्हतं. नवऱ्याने वर्तमानपत्र सोडवलं. नणंदेने पिशवीतून कडं काढलं. ती ते वंगण लावून जपत आली होती. आणि आमच्या घरी दांड्याला दर वेळी दिवाणखाना साफ करताना तेलाचा हात फिरतो, हे मला ठाऊक होतं. कडं नटावर बसलं, दांडा भोकात गेला, आणि खट्ट आवाज झाला. इतक्या वर्षांनी तो पाना पूर्ण दिसला, तेव्हा नवऱ्याने उगाचच नाक ओढलं आणि तळघरातल्या धुळीला नावं ठेवली.

आता ह्या कामाची घरची एक रीत होती, ती सांगायला हवी. नट फिरवताना पिंपही बरोबर फिरतं, म्हणून एकाने पिंपाला मिठी मारून धरायचं आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा. लहानपणापासून नणंद धरायची, नवरा ओढायचा. शिवाय ह्या नटाचे आटे उलटे. नेहमीच्या नटासारखा फिरवला तर तो सुटण्याऐवजी आवळतो. मुलं समोरासमोर उभी राहायची, त्यामुळे एकाचं डावं ते दुसरीचं उजवं. आणि माझ्या नवऱ्याला तर आजही वळणावर मी "डावीकडे" म्हटलं की तो आधी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघतो. म्हणून सासऱ्यांच्या दुकानात डावं-उजवं हे शब्दच बाद होते. तिथे यंत्राच्या एका अंगाला खिडकी होती आणि दुसऱ्या अंगाला दार. खिडकीकडे सैल, दाराकडे घट्ट.

नणंदेने वाकून पिंपाला मिठी मारली. नवऱ्याने दांडा धरला आणि तळघरभर नजर फिरवली. उजवीकडे, छताजवळ, एक धुळकट झरोका होता. डावीकडे जिन्याचं दार.

"खिडकीकडे," तो म्हणाला.

"खिडकीकडेच," नणंद पिंपातून म्हणाली. "नाहीतर कुठे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. मी कौतुकाने बघत राहिले.

नवऱ्याने झरोक्याकडे दांडा ओढला. नट तसूभर हलला.

"हलला!" तो ओरडला.

"दिसला! ओढ! अरे ओढ टिल्ल्या, भात खाल्लास ना सकाळी?"

टिल्ल्या हे माझ्या नवऱ्याचं माहेरचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं, नाव. आता त्याला दारातून आडवं होऊन जावं लागतं. त्याने पाय यंत्राला टेकवले आणि सगळं वजन मागे टाकलं. दांडा कण्हला. नट आणखी थोडा हलला, आणि मग ठार थांबला. रखवालदारानेही बादलीवरून उठून हात लावला. काही नाही. नवऱ्याचं तोंड बीटासारखं झालं.

"गंजलाय," तो धापा टाकत म्हणाला.

"गंजलेला नट आधी हलत नाही आणि मग सुटतो," मी म्हणाले. "हा आधी हलला आणि मग अडकला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी झरोक्याकडे पाहिलं.

"आवळला," नणंद हळूच म्हणाली. "मेल्या, आपण आवळला!"

"आपण नाही. तूच म्हणालीस खिडकीकडे!"

"आधी तू म्हणालास! मी तर पिंपात होते, मला खिडकी दिसतेय कुठे?"

"बाबा खिडकीकडेच म्हणायचे!"

"बाबांच्या दुकानात खिडकी त्या बाजूला होती, गाढवा! इथे ती ह्या बाजूला आहे! तुला एवढंही..." ती थांबली. "आणि बाबा खिडकीकडे म्हणायचेच नाहीत."

"म्हणायचे."

"नाही. खिडकीकडे आपण म्हणायचो. ते म्हणायचे, 'माझ्याकडे ओढ.' ते खिडकीशी बसायचे ना स्टुलावर, पाय वर घेऊन."

नवरा दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "माझ्याकडे ओढ, बाळा," तो पुटपुटला. "हो. असंच म्हणायचे."

वरून ट्रकसारखा काहीतरी आवाज आला. रखवालदार जिन्यावर जाऊन बघून आला. दूधवाल्याची गाडी होती. पण वेळ जात होता, आणि मी मोजत नसले तरी नणंद मोजत होती. तिचे ओठ हलत होते.

"मग बाबा इथे असते," मी विचारलं, "तर कुठे बसले असते?"

"खिडकीशी," नवरा लगेच म्हणाला.

"खिडकी सोडा. यंत्राच्या कुठल्या अंगाला?"

नवऱ्याने डोळे मिटले आणि हवेत हात फिरवून दुकान मांडायला सुरुवात केली. इथे नळ, इथे बाक, इथे दार. तीनदा मांडलं, तीनदा दार वेगळ्या ठिकाणी आलं.

"पेटी," नणंद एकदम म्हणाली. "नाण्याची पेटी! कुणाचं नाणं अडकलं की ते काय म्हणायचे?"

नवऱ्याने डोळे उघडले. "'जा रे, पेटीवर एक थाप मार.'"

"स्वतः का नाही मारायचे?"

"हात पोचायचा नाही. उठावं लागायचं."

"आणि बाबांना उठायचा?"

"कंटाळा!" दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम हसले. मग आपण एकमेकांकडे बघून हसलो हे लक्षात येऊन दोघंही पेटीकडे बघू लागले. पेटी यंत्राच्या उजव्या खांद्यावर होती, झरोक्याच्या बाजूला, जशी ती प्रत्येक यंत्रावर असते. खिडक्या आपली जागा बदलतात. पेटी बदलत नाही.

"म्हणजे बाबा पलीकडे," नणंद म्हणाली. "मास्तरीणबाई, बस तिकडे."

"मी?"

"त्याला नुसतं 'तिकडे' सांगून भागत नाही. समोर कुणीतरी बसलेलं लागतं. बस."

रखवालदाराने आपली बादली दिली. मी यंत्राच्या डाव्या अंगाला, जिन्याच्या बाजूला, बादलीवर बसले. नवऱ्याने दांडा धरून माझ्याकडे ओढला. नटाने दाद दिली नाही. आत्ताच आपण जीव तोडून आवळलेला तो नट होता. त्याने पुन्हा ओढला, कपाळाची शीर टरारली, आणि हात चोळत तो बाजूला झाला.

"सरक," नणंद म्हणाली. ती पिंपातून बाहेर आली आणि तिने पदर खोचला. "तू धर. मी ओढते."

"तू?"

"का? लहानपणापासून मी धरतेय. 'तू मोठी आहेस, तू धर.' एकदाही ओढायला मिळालं नाही. धर म्हणते ना!"

माझ्या नवऱ्याने निमूटपणे पिंपाला मिठी मारली. त्याचं अर्धं अंग आत गेलं.

"अगं, इथे दिसत काहीच नाही," त्याचा आवाज घुमला. "आणि गार लागतंय."

"कळलं ना आता?" नणंद म्हणाली. तिने दांड्याला दोन्ही हातांनी धरलं, हात टोकाच्या अगदी जवळ नेले, जे मी सांगणारच होते, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बोल."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"माझ्याकडे ओढ," मी म्हणाले. वयाने आणि नात्याने मोठ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच एकेरीत हुकूम देत होते.

तिने ओढलं. कडाड असा आवाज झाला, दांडा सपकन फिरला, आणि माझी नणंद सगळ्या वजनानिशी माझ्या मांडीवर येऊन बसली. बादली फुटली. रखवालदार ओरडला, "माझी बादली!" आणि पिंपातून नवरा ओरडत होता, "सुटला का? अरे कुणी सांगा, सुटला का?"

"सुटला रे सुटला!" नणंद माझ्या मांडीवरून म्हणाली. ती उठायची घाई करत नव्हती.

पुढचं काम सोपं होतं. पिंप उचललं, बोल्ट काढले, आणि गिअरबॉक्स बाहेर आला. जड, काळा, तेलाने चमकणारा. पंप, टायमर, पट्टा, नाण्याची पेटीसुद्धा काढली. ट्रक आला तेव्हा त्याच्यासाठी पत्र्याचा डबा उरला होता.

मग पायरीवर सामानाचा ढीग लावून दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. ही चादर मी एकदा पाहिली होती.

नवऱ्याने पाना उचलला आणि सवयीने दांडा ओढून वेगळा करू लागला. तो निघेना. उलट्या बाजूला इतका जोर लावला होता की निमुळतं टोक कड्यात पाचरीसारखं बसलं होतं. त्याने पायरीवर आपटला. नणंदेने दगडाने ठोकला. दोघांनी दोन टोकांना धरून रस्सीखेच केली.

"आता ह्याची वाटणी होत नाही," शेवटी नवरा म्हणाला.

"मग ने तू," नणंद म्हणाली.

"मी कशाला नेऊ? तू ने."

"तुझा दांडा आहे."

"तुझं कडं आहे! आणि गिअरबॉक्स तुझ्याकडेच बसवायचाय ना, मग पाना माझ्याकडे ठेवून काय कणसं भाजू?"

तो हे मला न सांगता बोलला होता. नणंदेचा दगड धरलेला हात तसाच राहिला.

"माझ्याकडे?" ती म्हणाली. "तू तुझ्यासाठी आला होतास."

"माझ्या यंत्रावर कुंडी आहे," नवरा म्हणाला. "फुललीय ती. आता कुठे हलवू?"

संध्याकाळपर्यंत आम्ही नणंदेच्या दुकानात होतो. बसवताना नट घट्ट करायचा होता, म्हणजे सगळं उलट. तिच्या दुकानात खिडकी कुठे आणि दार कुठे ह्यावर दोघांनी बोलायला तोंड उघडलं. मी मुकाट्याने स्टूल उचललं, पेटीच्या विरुद्ध अंगाला ठेवलं आणि बसले.

"आता माझ्यापासून लांब," मी म्हणाले.

झाकण बसलं. नणंदेने नवऱ्यापुढे हात पसरला.

"काय?"

"नाणं. इथे फुकट काही चालत नाही."

नवऱ्याने खिसे चाचपले, नाणं काढलं, खाचेत आडवं ठेवलं आणि पट्टी ढकलली. यंत्राने घसा खाकरला आणि ते पाणी घेऊ लागलं. मग पिंप हेलकावे घेऊ लागलं. बहीण-भाऊ दोघंही मान डावीकडे कलती करून ऐकत उभे होते, अगदी एकसारखी, अगदी फोटोतल्या सासऱ्यांसारखी. ते डावीकडे होतं हे मी खात्रीने सांगू शकते.

एक तारखेला घरमालक आला, तेव्हा दोन यंत्रं चालू होती. त्याने दोनदा मोजली. मग बाहेर गाडीत जाऊन स्वतःच्या चादरींचं गाठोडं घेऊन आला. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी नवऱ्याने जरा वेळ आवाज ऐकला आणि माझ्याकडे वळला.

"तिला सांग," तो म्हणाला, "पट्टा थोडा सैल वाटतोय."

मी स्टुलावरून उठले नाही. पायही वर घेतले.

"मला उठायचा कंटाळा आलाय," मी म्हणाले. "तुझं तू सांग."

तो घुटमळला. यंत्र घुसळत होतं.

"ताई," तो म्हणाला, "पट्टा सैल आहे."

"माहितेय मला," नणंद म्हणाली. "उद्या ये आणि आवळून दे. पाना इथेच आहे."